डॅशबोर्ड परफॉर्मन्स मीटर

मोटारीच्या डॅशबोर्डवर किंवा समोरच्या काचेवर बसवून गाडीचे त्वरण, ठरावीक वेग गाठायला लागणारा वेळ आणि त्यावरून इंजिनाची अश्वशक्ती दाखवणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण. त्वरण हा शब्द शाळेच्या पुस्तकात राहतो. गॅरेजमध्ये त्याला ‘पिकअप’ म्हणतात, आणि तो नसला की ‘गाडी उचलत नाही’ अशी तक्रार होते. ही तक्रार आकड्यात मांडणे हे या मीटरचे काम. मात्र पडद्यावर दहा आकडे दिसत असले तरी मूळ प्रकारचे मीटर मोजते एकच गोष्ट, ती म्हणजे त्वरण. बाकीचे सगळे गणित असते, आणि अश्वशक्तीच्या गणितात तर वापरणाऱ्याने स्वतः भरलेला एक आकडाही मिसळलेला असतो.

बनावट

पूर्वी अशा चाचणीसाठी गाडीच्या मागे सायकलच्या चाकासारखे ‘पाचवे चाक’ जोडत आणि त्याच्या फेऱ्यांवरून वेग काढत. ते काम वाहन कंपन्या आणि मोटार मासिके यांच्याच आवाक्यातले होते. १९९०च्या दशकात एअरबॅगसाठी सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले त्वरण-संवेदक स्वस्तात मिळू लागले आणि चित्र पालटले. या चिपमध्ये एक सूक्ष्म वस्तुमान तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले असते. गाडी पुढे झेपावली की ते मागे राहते आणि ते किती सरकले हे विद्युत धारकतेतल्या बदलावरून कळते. याच दशकात अमेरिकेत टेस्ला इलेक्ट्रॉनिक्सचे जी-टेक प्रो हे मीटर लोकप्रिय झाले (विजेच्या मोटारी बनवणाऱ्या टेस्लाशी या कंपनीचा संबंध नाही). ते काचेला चिकटवायचे, लायटरच्या सॉकेटमधून वीज द्यायची, आणि निघायचे. आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये तसाच संवेदक असतो.

आकडे कसे निघतात

त्वरणाची काळानुसार बेरीज करत गेले की वेग मिळतो, वेगाची बेरीज केली की अंतर. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, हा वेग १० सेकंदांत गाठणाऱ्या गाडीचे सरासरी त्वरण २.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग, अर्थात ०.२८ जी असते (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे त्वरण). बेरजेचा धोका असा की चूकही बेरजेत वाढत जाते. संवेदक फक्त ०.०१ जी जास्त दाखवत असेल, तर पाव मैलाच्या (४०२ मीटर) १८ सेकंदांच्या धावेअखेर वेगात ताशी ६ किलोमीटरहून अधिक आणि अंतरात सुमारे १६ मीटरचा घोळ झालेला असतो.

अश्वशक्तीसाठी वस्तुमान, त्वरण आणि वेग यांचा गुणाकार करायचा. एक छोटी पेट्रोल हॅचबॅक घेऊ. चालक, सोबती आणि इंधन धरून वजन ११०० किलो. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ८५ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २३.६ मीटर वेगाला, मीटर १.६ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण दाखवते. गुणाकार येतो सुमारे ४१,५०० वॅट. एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन सेकंदाला १ मीटर उचलण्याचे काम, ७३५.५ वॅट. त्याने भागले की ५६ अश्वशक्ती उरते, आणि मालकाचा चेहरा पडतो, कारण कंपनीच्या पत्रकात ८० छापलेले असतात.

पत्रक खोटे नसते. या वेगाला हवा कापण्यात साधारण ५ किलोवॅट आणि टायरच्या घर्षणात ३ किलोवॅट खर्च होतात. ते मिळवले की चाकांवरची शक्ती ६७ अश्वशक्तीच्या आसपास जाते. गिअरबॉक्स आणि शाफ्टमध्ये १५ टक्के गळती धरली की इंजिनापाशी ७९. शिवाय चाके, फ्लायव्हील आणि गिअर यांना नुसते फिरवायलाही शक्ती लागते, आणि ती खालच्या गिअरमध्ये जास्त लागते. साधी मीटर यातले काहीच धरत नाहीत. काही मीटर सगळे एका ठोकळ गुणकात बसवतात. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या मीटरवरची अश्वशक्ती शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही.

नाक वर होणे

या मीटरची सर्वांत मोठी खोड कलण्याची. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचे नाक वर येते आणि मागचा भाग बसतो. चाकांमधले अंतर २.४ मीटर असलेल्या गाडीत पुढच्या-मागच्या उंचीत ४ सेंटिमीटरचा फरक पडला की गाडी सुमारे १ अंश कलते. संवेदकाला गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांतला भेद कळत नाही. त्या एका अंशात त्याला ०.०१७ जी फुकटचे मिळते. वरच्या उदाहरणात तेवढ्यानेच ५६ची ६२ अश्वशक्ती होते. मऊ सस्पेन्शनच्या जुन्या गाड्या म्हणूनच मीटरवर उगाच ताकदवान ठरतात. चांगल्या मीटरमध्ये या कलण्यासाठी दुरुस्तीचा गुणक भरता येतो. तो न भरता काढलेला आकडा नोंदलेखक तरी मोजत नाही.

रस्त्याच्या चढाची गंमत वेगळी आहे. धावेआधी मीटर उभ्या गाडीत ‘शून्य’ करतात. एकसारख्या चढावर शून्य केले, तर वेग आणि वेळ बरोबर मिळतात, पण चढ चढण्यात गेलेली शक्ती हिशेबाबाहेर राहते. सपाटीवर शून्य करून मग चढावर धावले, तर उलट होते: शक्ती जवळपास बरोबर येते आणि वेग फुगतो. १ टक्का चढ डोळ्याला दिसतही नाही, तरी या उदाहरणात तो साडेतीन अश्वशक्ती इकडची तिकडे करतो. म्हणून त्याच पट्ट्यावर जाताना आणि येताना, दोन्ही दिशांनी धावा घ्यायच्या आणि सरासरी काढायची. वाऱ्याचाही हिशेब त्यातच बराचसा मिटतो.

वजन

मीटरला गाडीचे वजन आपण सांगायचे असते, आणि नेमके तेच कुणी नीट सांगत नाही. आरसीवर असते ते रिकाम्या गाडीचे वजन. त्यात माणसे नाहीत आणि नंतर बसवलेली सीएनजीची टाकीही नाही. कागदावरच्या आकड्यापेक्षा धर्मकाट्यावर एकदा गाडी चढवलेली बरी. अर्थात ट्रकसाठीचा काटा १० किंवा २० किलोच्या टप्प्यांनी मोजतो, तेवढी सूट धरावी. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणजे ४० लिटरची टाकी भरलेली की रिकामी यात ३० किलोंचा फरक. डिकीत २० किलो संत्र्यांची पेटी राहून गेली आणि मीटरला सांगितली नाही, तर एक अश्वशक्ती संत्र्यांसोबत गेली.

नागपूरचे ऊन

इंजिन हवा ओढते ती आकारमानाने, पण इंधन जाळायला लागतो हवेतला प्राणवायू, म्हणजे वस्तुमान. जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळच्या तुलनेत मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी हवा सुमारे १० टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात उतरते. टर्बो असेल तर तो काही भाग भरून काढतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे (झीरो माइलच्या स्तंभापाशी १०२० फूट अशी नोंद आहे), त्यामुळे हवेचा दाब आधीच साडेतीन टक्क्यांनी कमी. अमेरिकेतील एसएई जे१३४९ हे मानक अश्वशक्ती २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेच्या दाबाला आणून मांडते. जर्मनीचे जुने डीआयएन ७००२० हे २० अंशांना. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, काढलेला आकडा दुरुस्त न करता पत्रकाशी ताडणे हा गाडीवर अन्याय आहे.

उन्हाचा दुसरा घाव थेट मीटरवर बसतो. बंद गाडीचा डॅशबोर्ड हात ठेववणार नाही इतका तापतो. रबरी चूषक सैल पडतो, मीटर प्रत्येक गिअरला डुलते आणि ते डुलणे त्वरण म्हणून नोंदले जाते. तापमानानुसार संवेदकाचे शून्यही सरकते. म्हणून काच किंवा डॅशबोर्ड यांऐवजी दोन सीटमधल्या जागी घट्ट पट्ट्याने बांधलेले मीटर जास्त भरवशाचे. एसी चालवून आतली हवा स्थिरावल्यावर शून्य करायचे आणि धावेपुरता एसी बंद. नागपूरकरांना संवेदकांचे लहरीपण वेगळे सांगायला नको: ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवून देशभर बातमी केली, आणि तो आकडा बिघडलेल्या संवेदकाचा होता हे नंतर स्पष्ट झाले.

जीपीएस आणि ओबीडी

अलीकडची बहुतेक मीटर उपग्रहांच्या संकेतांतील डॉप्लर बदलावरून (गतीमुळे संकेताच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून) वेग काढतात आणि सेकंदाला १० किंवा त्याहून जास्त वेळा मोजतात. त्यांना नाक वर झाल्याने फरक पडत नाही, पण आकाश मोकळे लागते. नागपूरच्या वर्धा मार्गावरच्या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलाखाली खालच्या रस्त्यावर तर नाहीच, मधल्या उड्डाणपुलावरही डोक्यावर मेट्रो असल्याने भरवसा नाही. त्वरण-संवेदकाला मात्र अशा छपराचे काही वाटत नाही. उत्तम मीटर दोन्ही एकत्र वापरतात. स्मार्टफोनचे जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच वेग देते, तेव्हा १० सेकंदांच्या धावेत हाती लागतात जेमतेम दहा ठिपके. ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीतले बिघाड तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीत, खोचायचे यंत्र गाडीच्या संगणकाकडून वेग घेते. तो पूर्ण किलोमीटरमध्येच मिळतो आणि चाक जागीच फिरले तर ते फिरणेही वेग म्हणून मोजले जाते.

जागा आणि कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा कोणत्याही प्रकारची वेगाची चाचणी करणे गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नागपूरहून सुटणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पाहून अनेकांचा पाय शिवशिवतो. तिथे मोटारींना मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, आणि द्रुतगती मार्गावर मधेच गाडी थांबवून शून्यापासून सुरुवात करणे हा मागच्या ट्रकला दिलेला निमंत्रण-अर्ज आहे. कंपन्या अशा चाचण्या पिथमपूरच्या नॅट्रॅक्ससारख्या बंद धावपट्टीवर करतात; तिथला वेगवान मार्ग ११.३ किलोमीटरचा आहे. सर्वसामान्याला खासगी आवारातला, परवानगीने मिळालेला सरळ पट्टा हाच पर्याय.

आकडा वाचताना

मासिकांतले वेळ आणि आपले वेळ जुळत नाहीत याचे एक कारण ‘रोलआउट’. अमेरिकी ड्रॅग शर्यतीत गाडी साधारण १ फूट पुढे सरकल्यावर घड्याळ सुरू होते, त्यामुळे वेळ ०.३ सेकंदांच्या आसपास कमी दिसतो. काही मीटरमध्ये ही सोय आपोआप चालू असते. दुसरे कारण स्पीडोमीटर. तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असल्याने कंपन्या त्याला थोडा पुढेच ठेवतात. काटा १००वर पोचला तेव्हा गाडी ९५वर असू शकते.

गॅरेजमध्ये या मीटरचा खरा उपयोग आधी-नंतरच्या तुलनेत आहे. नवा एअर फिल्टर टाकला, क्लच बदलला, तर त्याच मालकाने त्याच पट्ट्यावर, तेवढ्याच पेट्रोलवर, तशाच पहाटे तीन-तीन धावा दोन्ही दिशांनी घ्याव्या आणि प्रत्येक संचातली मधल्या आकड्याची धाव धरावी. अशा सहा धावा आपसांतच दोन अश्वशक्तींनी हलत असतील आणि फिल्टरने एक अश्वशक्ती वाढली असे कुणी म्हणत असेल, तर त्या फिल्टरचे पैसे अजून द्यायचे असल्यास थांबावे.