प्रत्यारोपणानंतर बुरशीविरोधी औषध घेताना

आमच्या औषधालयातून प्रत्यारोपणानंतरची औषधे नियमित नेणाऱ्या ग्राहकांसाठी ही माहिती दिली आहे.

शरीराने नवे मूत्रपिंड किंवा यकृत परके मानून नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन देऊन प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. त्यामुळे बुरशीचा संसर्ग बळावण्याचा धोकाही वाढतो. मात्र टॅक्रोलिमसचा निचरा करणाऱ्या यकृतातील विकरालाच (एन्झाइमलाच) फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधे कमीअधिक प्रमाणात रोखतात. परिणामी, नेहमीच्याच मात्रेत घेतलेले टॅक्रोलिमस रक्तात साचत जाते, हात थरथरतात, डोके दुखते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारे क्रिएटिनिन चढू लागते. चहाचा कप बशीवर ठेवताना खुळखुळू लागला, तर वयाला दोष देत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

म्हणूनच व्होरिकोनॅझोल सुरू करताना डॉक्टर टॅक्रोलिमसची मात्रा साधारण एक तृतीयांशावर आणतात. ही मात्रा ग्राहकाने स्वतः बदलू नये, आणि आम्हीही सांगणार नाही. बुरशीचे औषध बंद झाल्यावर हीच गोष्ट उलट घडते, टॅक्रोलिमसची पातळी घसरते आणि अवयव नाकारला जाण्याचा धोका उभा राहतो; आमच्या मते, हीच बाजू सर्वाधिक विसरली जाते. पातळीच्या तपासणीसाठी रक्त टॅक्रोलिमसची सकाळची मात्रा घेण्यापूर्वी द्यावे.

गजकर्णावर शेजाऱ्याला लागू पडलेली इट्राकोनॅझोलची कॅप्सूल मागायला काही जण येतात. प्रत्यारोपण झालेल्यांना ती आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, याचा राग मानू नये.

बुरशीविरोधी औषधांचे स्वतःचेही दुष्परिणाम आहेत. व्होरिकोनॅझोल घेतल्यावर थोड्याच वेळात काहींना अंधुक किंवा वेगळ्या रंगछटांचे दिसते. हे बहुधा तासाभरात ओसरते, तरी त्या काळात वाहन चालवू नये. ही गोळी जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर घ्यावी. ती दीर्घकाळ चालू राहिल्यास उन्हाने त्वचा भाजते आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी आवश्यक आहे. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे किंवा भास होणे, यांपैकी काहीही आढळल्यास वाट पाहू नये. रुग्णालयात शिरेतून दिल्या जाणाऱ्या ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधामुळे थंडीताप येऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताण पडतो, म्हणून तेथे वारंवार रक्त तपासले जाते.

दुकानात येताना नवी चिठ्ठी आणि चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे, आम्लपित्ताच्या गोळ्यांसह, सोबत आणावीत.