गजेंद्रमोक्ष

गजेंद्रमोक्ष : सर्व उपाय खुंटल्यावर केवळ ईश्वरावर भरवसा ठेवून केलेल्या धाव्याचे वैष्णव परंपरेतील आख्यान व त्यातील स्तोत्र. भागवत पुराणाच्या आठव्या स्कंधात दुसऱ्या ते चौथ्या अध्यायांत ते आले आहे. त्रिकूट पर्वतावरील सरोवरात पाणी पिण्यास उतरलेल्या गजराजाचा पाय ग्राह (रूढ अर्थाने मगर) धरतो, ही कथा सर्वपरिचित आहे. मात्र तिच्यातील एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो : झुंज हजार वर्षे चालली आणि तीत हत्तीचे बळ ओसरत गेले, तर पाणी हेच घर असलेल्या ग्राहाचे वाढत गेले. म्हणजे काळ स्वतःच हत्तीच्या विरुद्ध होता. कळपातील इतर हत्तींनाही त्याला ओढून काढता आले नाही.

आख्यानाच्या प्राचीनतेविषयी मतभेद आहेत. आज उपलब्ध असलेले भागवत बरेच अभ्यासक सुमारे 9व्या–10व्या शतकातील मानतात, काही त्याहून आधीचे. परंतु उत्तर प्रदेशातील देवगढच्या गुप्तकालीन दशावतार मंदिराच्या (सुमारे 6वे शतक, काहींच्या मते थोडे आधीचे) उत्तर भिंतीवर हा प्रसंग कोरलेला असल्यामुळे कथा त्यापूर्वी रूढ होती, हे निश्चित. या शिल्पात मगर नाही. हत्तीचे पाय नागाच्या वेटोळ्यांत अडकले आहेत, नाग व नागिणी हात जोडून आहेत आणि वरून गरुडारूढ विष्णू येत आहे. शिल्पकाराने परिचित कथेत स्वतःहून बदल केला, किंवा त्याच्यासमोर कथेचा वेगळाच पाठ होता, असे दोन तर्क संभवतात. ‘ग्राह’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘पकडणारा’ एवढाच असल्याने दुसरा तर्क अधिक संभाव्य वाटतो. नक्र, सुसर किंवा मगर हा अर्थ पुढे पक्का झाला असावा. वामन पुराणातही हे आख्यान आहे. ‘पंचरत्नगीता’ या पाठसंग्रहात ते भगवद्‌गीता व विष्णुसहस्रनाम यांच्या जोडीने घेतले जाते आणि तेथे ते महाभारतातील समजले जाते.

स्तोत्राचे वेगळेपण असे की, गजेंद्र त्यात कोणत्याही एका देवतेचे रूप पुढे ठेवून हाक मारत नाही. ज्याच्यापासून हे विश्व झाले, त्या स्वयंभू तत्त्वाला तो शरण जातो. म्हणूनच आपापल्या रूपाचा अभिमान असलेले ब्रह्मादी देव आले नाहीत, सर्वात्मक हरी आला, असे भागवतच सांगते. हे स्तोत्र त्याला पूर्वजन्मी येत होते. तो पांड्य देशाचा राजा इंद्रद्युम्न होता आणि अगस्त्यांच्या शापाने हत्ती झाला होता. ग्राह हा देवलांनी शापलेला हूहू गंधर्व. शापाने देह बदलला तरी आराधना वाया गेली नाही, हा या पूर्वकथेचा गाभा आहे. विष्णू दिसताच पीडेने व्याकुळ झालेला गजेंद्र सोंडेत कमळ धरून ती वर उचलतो आणि मोठ्या कष्टाने ‘नारायण’ म्हणून नमस्कार करतो. ते पाहून विष्णू गरुडावरून तत्काळ खाली उतरतो, ग्राहासकट हत्तीला पाण्याबाहेर काढतो आणि चक्राने ग्राहाचे तोंड विदारतो. संपूर्ण आख्यानात याहून हृद्य क्षण नाही.

गजेंद्राची भक्ती कोणत्या प्रकारची, हा टीकाकारांचा जुना प्रश्न आहे. गीतेतील चार भक्तांपैकी ‘आर्त’ (संकटात सापडलेल्या) भक्ताचे उदाहरण म्हणून त्याचे नाव सर्रास घेतले जाते. तथापि स्तोत्रात तो जगण्याची इच्छा स्पष्टपणे नाकारतो आणि काळानेही न फिटणाऱ्या अज्ञानाच्या आवरणातून सुटका मागतो. त्यामुळे त्याला मुमुक्षू मानणे संहितेला अधिक धरून आहे. श्रीवैष्णव (रामानुजांच्या परंपरेतील) आचार्यांनी आणखी पुढे जाऊन, हातचे कमळ कोमेजण्यापूर्वी भगवंताच्या चरणी पडावे हीच त्याची तळमळ होती, असा अर्थ लावला. पांचरात्र आगम या वैष्णव ग्रंथपरंपरेतील अहिर्बुध्न्य संहिता शरणागतीची सहा अंगे सांगते. त्यांपैकी ‘रक्षिष्यतीति विश्वासः’, म्हणजे तो रक्षण करीलच हा विश्वास, या अंगाशी हे आख्यान सर्वांत जवळचे आहे. शरणागताने स्वतः प्रयत्न करावा की सर्व भार देवावर टाकावा, हा श्रीवैष्णवांतील वाद दोन दृष्टांतांनी मांडला जातो : माकडाचे पिल्लू आईला स्वतः बिलगते, मांजरीचे पिल्लू ती तोंडात धरून नेते. या मर्कट व मार्जार न्यायांच्या वादात स्वतःची ओढाताण थांबल्यावर सुटलेला गजेंद्र दुसऱ्या पक्षाला सोयीचा ठरतो. मात्र धावा त्याने स्वतःच केला, हेही विसरता येत नाही.

मराठी संतांच्या अभंगांत गजेंद्राचा उल्लेख प्रल्हाद व द्रौपदी यांच्या बरोबरीने येतो. बिहारमधील सोनपूर (हरिहरक्षेत्र) आणि तमिळनाडूतील कपिस्थलम ही दोन्ही ठिकाणे या कथेशी जोडली जातात. भागवतातील त्रिकूट पर्वत मात्र क्षीरसागराने वेढलेला आहे.