ओव्हरस्टेबल मिडरेंज डिस्कची निवड

ओव्हरस्टेबल मिडरेंज : डिस्क गोल्फमध्ये (चकती फेकत कमीत कमी फेकींत ती बास्केटमध्ये टाकायचा खेळ) मधल्या पल्ल्यासाठी वापरायची, जोरात फेकली तरी सहसा उलट बाजूला न कलंडणारी आणि वेग उतरताच हमखास एका अंगाला वळून खाली येणारी डिस्क. उजव्या हाताने बॅकहॅन्ड फेकली तर ती शेवटी डावीकडे वळते, फोरहॅन्ड फेकली तर उजवीकडे. डावखुऱ्यांसाठी दिशा उलट. वेगळे सांगितले नसेल तिथे पुढचे वर्णन उजव्या हाताच्या बॅकहॅन्डचे समजावे.

खेळ वाढला अमेरिकेत. १९७५ साली एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह उद्यानात पहिला कायमचा कोर्स मांडला आणि १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन (पीडीजीए) स्थापन केली. तेव्हा फेकायच्या त्या बोथट कडेच्या फ्रिस्बीच. १९८३ मध्ये इनोव्हा कंपनीची ईगल ही तासलेल्या कडेची डिस्क आली आणि त्यानंतर ड्रायव्हर (लांब पल्ल्याची), मिडरेंज, पटर (बास्केटजवळची) अशा जाती हळूहळू वेगळ्या झाल्या. मिडरेंजची ओळख कडेवरून पटते. हिची रिम साधारण १.२ ते १.४ सेंटिमीटर रुंद असते, तर लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरची दोन सेंटिमीटरच्या पुढे जाते.

चार आकडे

बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात : स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. स्पीड म्हणजे डिस्क नीट उडण्यासाठी ती किती वेगाने फेकावी लागते. ग्लाइड म्हणजे ती हवेत किती तरंगते. टर्न म्हणजे वेगात असताना उजवीकडे झुकण्याची ओढ. हा आकडा शून्याखाली जितका जास्त, तितकी डिस्क लवकर उलटते. फेड म्हणजे शेवटी डावीकडे वळण्याची ओढ. टर्न शून्य किंवा त्याच्या वर आणि फेड अडीच किंवा त्याच्या पुढे असेल तर मिडरेंजला ओव्हरस्टेबल म्हणायला हरकत नाही. तुलनेसाठी डिस्क्राफ्टची सरळ जाणारी बझ पाहा : ५, ४, -१, १.

दुकानात डिस्क हातात घेतली की बहुतेकांची नजर आधी फेडवर जाते. खरे तर आधी पाहावा ग्लाइड. इनोव्हाची रॉक३ आहे ५, ४, ०, ३ आणि त्याच कंपनीची गेटर आहे ५, २, ०, ३. तीन आकडे तेच, पण दोघींची कामे निराळी. रॉक३ बराच वेळ सरळ जाते, शेवटच्या टप्प्यात डावीकडे झुकते आणि जाता जाता दहा-पंधरा मीटर जास्त देऊन जाते. गेटर हवेत रेंगाळत नाही. वेग संपला की ती खाली बसते, त्यामुळे समोरचा वारा तिला उचलून नेऊ शकत नाही आणि बास्केटच्या मागे ओढा किंवा उतार असेल तर भरवशाची वाटते. डायनॅमिक डिस्क्सची जस्टिस (५, १, ०.५, ४) ही याच वळणाची, पण आणखी हट्टी. इनोव्हाची केमन (५.५, २, ०, ४) तिच्या शेजारची. ॲक्सिअमची पायरो (५, ४, ०, २.५) आणि डिस्क्राफ्टची माल्टा (५, ४, १, ३) या रॉक३च्या बाजूला बसतात. एमव्हीपीची डिफ्लेक्टर (५, ३.५, ०, ४) दोन्ही गटांच्या मधे आहे, तरंगते बऱ्यापैकी, पण वळते जोरात.

हे आकडे कंपन्या स्वतः ठरवतात, पीडीजीए ते तपासत नाही. म्हणून एकाच कंपनीच्या दोन डिस्कची तुलना बरीच विश्वासार्ह असते, दोन कंपन्यांमधली मात्र अंदाजाची.

डिस्क का वळते

फिरत्या भोवऱ्याला बोटाने ढकलले तर तो ढकललेल्या दिशेला न जाता काटकोनात कलतो. डिस्कचेही तसेच. वरून पाहता ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असते. हवेचा उचल देणारा जोर डिस्कच्या मध्याच्या पुढे पडला की नाक, म्हणजे पुढची कड, वर ढकलले जाते, पण फिरकीमुळे परिणाम पाव फेरा पुढे सरकून दिसतो : उजवी कड वर येते, डावी खाली जाते, आणि डिस्क डावीकडे निघते. हा फेड. वेग खूप असताना हा जोर मध्याच्या मागे सरकला तर उलटे घडते आणि डिस्क उजवीकडे कलंडते. ओव्हरस्टेबल साच्यात कडेचा आकारच असा असतो की भरवेगातही जोर फारसा मागे सरकत नाही.

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रिमचे बाहेरचे टोक डिस्कच्या बुडापासून किती उंच आहे ती. याला खेळाडू पार्टिंग लाइन म्हणतात. टोक उंच तर डिस्क जास्त ओव्हरस्टेबल. एकाच साच्याच्या दोन डिस्क काचेच्या टेबलावर कडेला कड लावून ठेवाव्यात आणि डोळा टेबलाच्या पातळीवर आणून पाहावे. दोन्ही टोके नेमकी भिडली तर फरक नाही. एकीचे टोक दुसरीच्या टोकावर चढून बसले असेल तर चढलेली जास्त वळणार. फरक अर्ध्या मिलिमीटरचा असला तरी उडताना जाणवतो. छापलेले आकडे दोघींवर तेच असतात, कारण ते साच्याचे असतात, तुमच्या हातातल्या नगाचे नसतात. गरम प्लास्टिक थंड होताना प्रत्येक खेपेला थोडे वेगळे आकसते.

रिमच्या तळाशी असलेली बारीक उभट कड म्हणजे बीड. बीड असली की डिस्क थोडी जास्त स्थिर होते. डिस्क्राफ्टची वास्प म्हणजे बीड असलेली बझ असे खेळाडू म्हणतात ते याच अर्थाने. पण बीड बोटांना टोचते अशी तक्रारही असते, विशेषतः फोरहॅन्डवाल्यांची. ज्याला टोचते त्याने बिनबीडची घ्यावी. पकड अवघडली तर आकड्यांचा काही उपयोग नाही. वरचा भाग फुगीर असेल तर डिस्क जास्त तरंगते, सपाट असेल तर कमी. गवतात उंच हायझर (डावी कड खाली झुकवून केलेली फेक) टाकायचा तर सपाट बरी.

प्लास्टिक आणि वजन

त्याच साच्याची डिस्क कडक, टिकाऊ प्लास्टिकमध्ये (इनोव्हाचे चॅम्पियन, डिस्क्राफ्टचे झी, डायनॅमिकचे ल्युसिड) बहुधा जास्त ओव्हरस्टेबल निघते आणि तशीच वर्षानुवर्षे राहते. स्वस्त बेस प्लास्टिक हातात छान बसते, पावसातही निसटत नाही, पण झाडावर दहा-बारा वेळा आपटले की कड घासून स्वभाव बदलतो. १९८७ पासून बनत असलेली इनोव्हाची रॉक यासाठीच प्रसिद्ध आहे : डीएक्स या बेस प्लास्टिकची नवी रॉक डावीकडे वळते, थोडी झिजली की सरळ जाते, फार झिजली की उजवीकडे उलटते. जुने खेळाडू तीन वयांच्या तीन रॉक एकाच पिशवीत ठेवतात. पण वाऱ्यासाठी एकच भरवशाची मिडरेंज हवी असेल तर हा मार्ग नको, कडक प्लास्टिकच घ्यावे.

पीडीजीएच्या नियमाने डिस्कचे वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त असू नये. २१.७ सेंटिमीटर व्यासाला ही मर्यादा १८० ग्रॅमवर येते. मिडरेंज १७५ ते १८० ग्रॅमच्या दरम्यानची घ्यावी. १६५ ग्रॅमच्या डिस्कला वारा सहज हलवतो, आणि ओव्हरस्टेबल डिस्क घेण्यामागचा निम्मा हेतू तिथेच संपतो.

कोणाला कोणती

हाताचा वेग हा खरा निकष. बझसारखी सरळ मिडरेंज जेमतेम ५०-६० मीटर जात असेल तर ओव्हरस्टेबल मिडरेंजची फारशी गरज नाही. त्या वेगाला सरळ डिस्कही शेवटी डावीकडे वळतेच, आणि जस्टिस तर हातातून सुटली की लगेच डावीकडे कोसळते. ७५ ते ९० मीटर टाकणाऱ्याने ग्लाइड ४ असलेली घ्यावी. त्यापुढे जाणाऱ्यांना गेटर, केमन, जस्टिस यांचे मोल कळते. फोरहॅन्डवाल्यांना मात्र ही सवलत द्यावी लागते : नवशिक्या फोरहॅन्डमध्ये मनगट डगमगते, डिस्क लटपटत सुटते आणि सरळ मिडरेंज उलटते. ओव्हरस्टेबल ती लटपट सोसून घेते. म्हणून ६० मीटरवालाही फोरहॅन्डसाठी ती ठेवू शकतो.

पिशवीतल्या इतर डिस्कही पाहाव्यात. डिस्क्राफ्टची झोन (४, ३, ०, ३) वर्गाने पटर-ॲप्रोच असली तरी काम छोट्या ओव्हरस्टेबल मिडरेंजचेच करते. झोन आणि फायरबर्डसारखा ओव्हरस्टेबल ड्रायव्हर दोन्ही असताना गेटर घेतली तर ती बहुतेक वेळ पिशवीतच पडून राहते. तिथे जागा असते ती रॉक३सारखीला, झोनच्या पुढच्या पंधरा-वीस मीटरसाठी.

वाऱ्याचा हिशोब सोपा आहे. डिस्कला कळतो तो हवेतला वेग. ताशी ८० किलोमीटरने फेकलेली डिस्क समोरून २० किलोमीटरचा वारा असेल तर १०० किलोमीटरने फेकल्यासारखी वागते, म्हणजे जास्त उलटू पाहते. इथे ओव्हरस्टेबल डिस्क सरळ जाते. वारा पाठीमागून असेल तर तीच डिस्क ६० किलोमीटरने फेकल्यासारखी लवकर वळते आणि लवकर पडते. तेव्हा कमी ग्लाइडची मिडरेंज पिशवीतच राहू द्यावी. उंचावरच्या विरळ हवेत उचल कमी मिळते आणि सगळ्याच डिस्क जास्त ओव्हरस्टेबल वाटतात. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचावर आहे. तिथे निवडलेली डिस्क किनाऱ्यावरच्या कोर्सवर बुचकळ्यात टाकते.

मैदानावर पारखताना

वारा पडलेला असताना मोकळे मैदान गाठावे. साठ-सत्तर मीटरवर टॉवेल अंथरून तेच लक्ष्य धरावे. प्रत्येक डिस्क तीनदा सपाट फेकावी, आधी बेताच्या जोराने, मग पूर्ण जोराने, आणि ती रेषेपासून डावीकडे किती पावलांवर पडली ते लिहून ठेवावे. जोर वाढवूनही डावीकडचे अंतर तेवढेच राहिले तर डिस्क विश्वासाची.

खरी परीक्षा ॲनहायझरची. उजवी कड २०-२५ अंश खाली झुकवून पूर्ण जोराने फेकावी. डिस्क उजवीकडे निघते, मध्यावर सपाट होते आणि मग डावीकडे परतते. याला फ्लेक्स म्हणतात. ती कुठे सपाट झाली तिकडे लक्ष द्यावे : अर्ध्या वाटेच्या आत झाली तर ती तुमच्या हाताला फार ओव्हरस्टेबल आहे, जमिनीला टेकेपर्यंत झालीच नाही तर पुरेशी नाही. दोन-तृतीयांश वाटेवर होऊन परतली तर घ्यावी. शेवटी कठीण जमिनीवर कमी उंचीची एक फेक करावी. डावी कड आधी टेकते आणि डिस्क घसरत डावीकडे उडी मारते. ही स्किप पाच-सात मीटरची सहज असते. झाडाआड लपलेल्या बास्केटपर्यंत पोहोचायला ती उपयोगी, बास्केटच्या डावीकडे पाणी असेल तर घातक. पालापाचोळ्यात ती जवळजवळ होत नाही.

चुकीचे निदान

सर्वांत जास्त फसवते ते नाक वर करून फेकणे. डिस्क चढते, हवेत थबकते आणि डावीकडे पडते. फेकणारा म्हणतो, फारच ओव्हरस्टेबल आहे. खरे तर सरळ डिस्कही अशीच वागली असती. खात्री करायची तर आपली रोजची सरळ मिडरेंज त्याच पद्धतीने फेकावी. तीही चढून पडली तर दोष मनगटाचा. अंगठा वरच्या पृष्ठावर घट्ट दाबून, मनगट किंचित खाली ठेवून पुन्हा फेकावे. दुसरी चूक उलट दिशेची : लटपट सोसणारी डिस्क कायम वापरली की लटपट दिसेनाशी होते आणि सुधारतही नाही. म्हणून सरावाला सरळ डिस्क, सामन्याला वाऱ्यात ओव्हरस्टेबल, अशी विभागणी बरेच प्रशिक्षक सुचवतात.

रंगही विचारात घ्यावा. ही डिस्क तिरकी, जोरात खाली येते आणि झुडपात खुपसून बसते. पारदर्शक किंवा हिरवी शोधण्यात वेळ जातो. गुलाबी किंवा नारिंगी लगेच सापडते.

दगडावर आपटून कडेला खरखरीत ओरखडा उठला तर तो बारीक सँडपेपरने गुळगुळीत करता येतो. पीडीजीएचे नियम साच्यातल्या खोडी आणि ओरखडे सपाट करण्याइतके बेताचे घासणे मान्य करतात. उड्डाण बदलावे म्हणून कड तासणे मात्र चालत नाही. तडा गेलेली किंवा भोक पडलेली डिस्क सामन्यात बाद. पसंत पडलेली डिस्क त्याच प्लास्टिकची, त्याच वजनाची जोडीने घ्यावी, आणि दुसरी घेण्याआधी पहिली सोबत नेऊन काचेवर कडेला कड लावून पाहावी.