गणितात गेला, आता वर्ष परत करायचं का? हा प्रश्न आला कुठून

मे महिन्यात ताईचा फोन आला, भाचा नववीत गणितात गेला म्हणून. शंभरपैकी बावीस. बाकी सगळे विषय बरे आहेत, इतिहासात तर चक्क सत्तर. शाळेने दोन रस्ते सांगितले, एकतर त्याला नववीतच ठेवू नाहीतर नाव काढून घ्या आणि दहावीचा १७ नंबरचा फॉर्म (शाळेबाहेरून परीक्षेला बसायचा) भरा. मुख्याध्यापक बोलताना पुन्हापुन्हा "आमचा शंभर टक्के निकाल" म्हणत होते, ते ताईने मला दोनदा सांगितलं. तिचा प्रश्न साधा होता, तू शिकवतोस ना, मग सांग ठेवायचं का नाही.

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण हा प्रश्न जितका घरगुती वाटतो तितका तो नाहीये, त्याच्यामागे दीडशे वर्षांचं लफडं आहे आणि ते माहीत नसेल तर आपण उगाच "मुलगा ढ आहे का शाळा वाईट आहे" यावरच भांडत बसतो.

पहिली गोष्ट, "वर्ष परत करणं" ही भानगड आपल्याकडे कायमची नव्हती. पंतोजींच्या शाळेत इयत्ताच नव्हत्या. पोरगं यायचं, धूळपाटीवर आकडे गिरवायचं, मग पाढे, मग पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे), सगळं घोकून. एकाच पडवीत एकाला वीसपर्यंतचे पाढे येतात, दुसरा अजून सातावर अडकलाय, तिसरा व्याज काढतोय. अडकलेल्याला पंतोजी छडी मारत असतील, उठाबशा काढायला लावत असतील, पण त्याचं "वर्ष गेलं" असं कुणी म्हणू शकत नव्हतं कारण जायला वर्षच नव्हतं. सातचा पाढा आला की आठचा. (ती शाळा फार छान होती असं म्हणत नाहीये, तिथे कोण बसू शकायचं आणि कोण नाही हे आपल्याला माहीत आहे.)

मग इंग्रजांची शाळा आली आणि तिच्याबरोबर इन्स्पेक्टर आला. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लोव यांनी "रिव्हाइज्ड कोड" नावाची नियमावली आणली, त्यात वाचन, लेखन आणि अंकगणिताचे सहा टप्पे पाडले, प्रत्येक टप्प्याला नाव "स्टँडर्ड". इन्स्पेक्टर शाळेत येणार, एकेका पोराला त्याच्या स्टँडर्डप्रमाणे तपासणार, आणि किती पोरं किती विषयांत पास झाली यावर शाळेचं अनुदान ठरणार. निकालाप्रमाणे पैसे. आपण आजही "फोर्थ स्टँडर्ड", "नाइन्थ स्टँडर्ड" म्हणतो ना, तो शब्द या कुळातला. मुंबई इलाख्यातसुद्धा अनुदानाची ही निकालाप्रमाणे पैसे देण्याची पद्धत वापरली गेली. आता तुम्हीच बघा, ज्या शाळेचे पैसे पास होणाऱ्या पोरांवर अवलंबून आहेत ती शाळा कच्च्या पोराला पुढच्या स्टँडर्डच्या परीक्षेला कशाला बसवेल? खाली दाबून ठेवणं फायद्याचं. माझ्या भाच्याच्या मुख्याध्यापकांचं "शंभर टक्के निकाल" मला म्हणूनच नवीन वाटलं नाही, अनुदानाच्या जागी बॅनर आलाय फक्त.

या दाबून ठेवण्याचा हिशोब पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मांडला गेला १९२९ मध्ये, हार्टोग समितीने. सायमन कमिशनच्या जोडीला शिक्षणाची पाहणी करायला सर फिलिप हार्टोग यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली होती. डीएड-बीएड केलेल्या कुणालाही विचारा, "गळती आणि स्थगन" हे दोन शब्द परीक्षेत पाच मार्काला पाठ केलेले असतात, ते इथून आले. गळती म्हणजे शिक्षण पुरं व्हायच्या आत शाळा सोडणं, स्थगन म्हणजे एकाच इयत्तेत एका वर्षापेक्षा जास्त बसून राहणं. त्यांचा आकडा असा की १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत होती फक्त १८. उरलेली ८२ म्हणजे काही शाळा सोडून गेलेली आणि काही तिथेच खालच्या वर्गात. शेतकऱ्याच्या घरी एक वर्ष म्हणजे एक हंगाम, पोरगं दुसऱ्यांदा त्याच वर्गात बसलं की घरचे म्हणणार काय करायचंय आता, चल गुरं राख. म्हणजे स्थगनाचा पुढचा स्टॉप बऱ्याचदा गळती हाच.

आपल्याकडे याचा अभ्यास थेट गावात जाऊनही झाला. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली, तिचे अहवाल १९५५ मध्ये छापले गेले. दोघेही अर्थशास्त्रज्ञ, म्हणजे पोरं वर्गात अडकतात हा आपल्याकडे नुसता मास्तरांचा विषय नव्हता, सरकारचे पैसे कुठे मुरतात याचाही होता. हे सांगायचं कारण असं की मुलाला मागे ठेवणं "फुकट" असतं असं पालकांना वाटतं. तसं नसतं, आणखी एक वर्षाचा खर्च असतो, फक्त तो कुणाच्या खिशातून जातो ते दिसत नाही.

त्यानंतर कोठारी आयोग, १९६४ ते ६६. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी, पण सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक, आजऱ्याकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे. या आयोगाने दोन गोष्टी सांगितल्या ज्या एकमेकींच्या थोड्या उलट जातात असं मला वाटतं. एक, पहिली-दुसरी हा एकच सलग गट धरा, मधे अडवू नका, मूल आपल्या गतीने जाऊ दे. (म्हणजे जवळजवळ पंतोजींची पडवीच की!) आणि दुसरी, गणित आणि विज्ञान शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत सगळ्यांना सक्तीचं. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे आलं, महाराष्ट्रात १०+२+३ नुसार दहावीची पहिली एसएससी १९७५ मध्ये झाली, आणि तिथून पुढे गणित हा असा विषय झाला की ज्याच्यावाचून कुणालाच शाळेचा उंबरठा ओलांडता येत नाही, मग त्याला पुढे तबला वाजवायचा असो नाहीतर गॅरेज टाकायचं असो.

दहावीच्या पुढचा इतिहास म्हणजे ठिगळांचा इतिहास आहे. ऑक्टोबरची परीक्षा आठवते ना? मार्चला गेला की ऑक्टोबर, आणि ऑक्टोबरला सुटला तरी त्या वर्षीचं अकरावीचं कॉलेज निम्मं झालेलं, म्हणजे वर्ष गेलंच. मधे काही वर्षं सामान्य गणिताचा पर्याय आला, सोपा पेपर, पण ते घेतलं की पुढे सायन्सला जायचं दार बंद, नंतर तोही पर्याय गेला. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावी. २०१५ पासून नापास मुलांची फेरपरीक्षा जुलैमध्येच घ्यायला लागले, ही गोष्ट मात्र खरंच चांगली झाली, त्याच वर्षी अकरावीला जाता यायला लागलं. मग मार्कलिस्टवरचा "नापास" शब्दच काढला आणि "कौशल्य विकासास पात्र" असं लिहायला लागले, ज्याच्यावर व्हॉट्सअॅपवर वर्षभर जोक फिरले. २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टानेही विचारलं की ज्यांना पुढे गणित लागत नाही त्यांच्यासाठी ते ऐच्छिक करता येईल का. सीबीएसईने २०२० च्या दहावीपासून बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपरच केले. आणि २०२४ मध्ये आपल्या राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात असं आलं की गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० मार्क असले तरी पुढे जाऊ द्या, फक्त मार्कलिस्टवर शेरा मारा की याला गणित-विज्ञानाच्या पुढच्या अभ्यासक्रमांना जाता येणार नाही.

हे सगळं नीट बघितलंत तर एक गोष्ट लक्षात येईल. तारीख हलवली, रेघ हलवली, शब्द बदलला, पेपर सोपा केला. ज्या पोराला अपूर्णांकांची बेरीज येत नाही त्याला ती कोण, कधी, कुठे बसून शिकवणार यावर यातल्या बदलांत मला तरी ओळ सापडत नाही. जुलैची फेरपरीक्षा चांगली म्हटलं मी, पण निकाल आणि फेरपरीक्षा यांच्यामधे काही आठवडे असतात आणि तेवढ्यात बऱ्याच शाळा शिकवत नाहीत, क्लासवाले "क्रॅश कोर्स" घेतात.

आठवीपर्यंतची गोष्ट वेगळी. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, त्याचं कलम १६ तेव्हा सांगत होतं की प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत कुठल्याही मुलाला मागे ठेवायचं नाही. हार्टोगपासूनचं स्थगन कायद्याने एका फटक्यात बंद. पण त्याच्याबरोबर एक अट होती जी लोक विसरतात, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मूल कुठे अडलंय ते वर्षभर बघत राहायचं आणि तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. महाराष्ट्राने त्याचा जीआर २० ऑगस्ट २०१० ला काढला. प्रत्यक्षात काय झालं? मास्तर लोक नोंदवह्या भरत बसले, आकारिक (वर्षभरातलं) आणि संकलित (सत्राअखेरचं) मूल्यमापनाचे तक्ते रात्री जागून पुरे झाले, पोरं पुढे गेली आणि गावात शब्द पडला "ढकलपास". निम्मा कायदा पाळला, निम्मा कागदावर राहिला, आणि दोष मात्र "नापास करत नाहीत" यालाच लागला.

मग उलटा फेरा. २०१९ च्या सुरुवातीला कायदा बदलला, पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्या, नापास झाला तर दोन महिन्यांत परत संधी द्या, तरी नाही जमलं तर मागे ठेवायचं का ते राज्यांनी ठरवा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ठेवायचं असं ठरवलं, २०२३-२४ पासून परीक्षा सुरू. नववी मात्र या कायद्याच्या बाहेरच, कारण कायदा आठवीपर्यंत. म्हणून सगळा साचलेला गाळ नववीत येऊन बसतो. माझा भाचा नववीतच का गेला, सहावीत का नाही, याचं उत्तर हे आहे.

आता परत बसवून फायदा होतो का? अमेरिकेत यावर बरंच काम झालंय कारण तिथे विषय परत करता येतो, म्हणजे अल्जिब्रा (बीजगणित) राहिला तर पुढच्या वर्षी फक्त अल्जिब्राचा तास परत, बाकी विषयांत आपल्या वर्गाबरोबर पुढे. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या शहरी भागात सुमारे ३४०० मुलांचा माग काढला होता, अहवाल २०१४ चा, त्यात ४४ टक्के मुलांनी अल्जिब्रा वन परत केलेला. सरासरीने साधारण अर्ध्या ग्रेडची सुधारणा. जी मुलं अगदी तळाशी होती ती थोडी वर आली, पण ज्यांचे आधीच बरे ग्रेड होते आणि तरी परत बसवलं त्यांचे ग्रेड उलट घसरले. म्हणजे काठावरच्या पोराला "पाया पक्का होईल" म्हणून मागे ठेवणं हा हमखास उपाय नाही.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त आवडतं. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात "प्रथम" संस्थेचा बालसखी कार्यक्रम तपासला गेला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज शाळेच्या वेळेतच सुमारे दोन तास बाजूला काढायची, आणि वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी त्यांना जे येत नाही तेवढंच शिकवणार. मागच्या वर्गात ढकलणं नाही, पुढे रेटणंही नाही. मार्क वाढले, आणि बाजूला काढलेल्या मुलांचे विशेष वाढले. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना नंतर २०१९ मध्ये नोबेल मिळालं. खर्च म्हणाल तर त्या तरुणीचं मानधन.

आणि हो, इंजिनिअरिंगवाल्यांना वाटेल आमच्याकडे तर विषय परत करता येतो. एम-वन, एम-टू, एम-थ्री हे गणिताचे पेपर कुणाचे राहिले नाहीत! पण तिथे परत काय होतं तर पेपर. एम-थ्री राहिलेला पोरगा एम-थ्रीच्या लेक्चरला परत बसलेला मी तरी बघितला नाही, तो मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवतो, ठरलेले चार टाइप पाठ करतो आणि "काढतो". आपल्याकडे वर्ष रिपीट होतं नाहीतर पेपर रिपीट होतो, विषय शिकणं रिपीट होतच नाही, आणि ताईच्या प्रश्नाची खरी अडचण ही होती.

म्हणून मी ताईला म्हटलं आधी त्याची उत्तरपत्रिका मिळते का बघ. मिळाली. दोन चलांतली रेषीय समीकरणं त्याला मांडता येत होती, शाब्दिक उदाहरणातून समीकरण बरोबर काढलेलं, आणि सोडवताना उणे तीन आणि उणे पाच यांची बेरीज अधिक आठ. बहुपदीत तेच. गुणोत्तर-प्रमाणात छेद वेगळे असले की अंश-अंश आणि छेद-छेद सरळ मिळवून मोकळा. नववीचं गणित त्याचं फारसं चुकलंच नव्हतं, सहावीचं चुकत होतं, आणि नववी परत केली तर त्याला पहिल्या आठवड्यात परत संच शिकवणार होते, जे त्याला येत होते.

ताई पेपर घेऊन शाळेत गेली. विचारलं, नववीत ठेवा नाहीतर दहावीत घ्या, पण पूर्णांक आणि अपूर्णांक याला कोणत्या तासाला शिकवणार? मुख्याध्यापकांनी टाइमटेबलचा तक्ता काढला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाले, मॅडम, असा तास नसतो.