म्हादईची रेघ: गोव्यातली अभयारण्यं कशी वाढली

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात कुणाच्या ओसरीवर बसून व्याघ्र प्रकल्पाचा विषय काढा. आधी चहा येतो आणि मग कागदांची पिशवी. आत एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हणा), अल्वाराची, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या जमिनीच्या सनदेची, घड्यांवर फाटलेली झेरॉक्स, घरपट्टीच्या पावत्या. वाघाचं नाव निघतं ते यानंतर. गोव्यातला हा वाद वाघ हवा की नको एवढाच आहे, असं पणजीत बसून वाटू शकतं. मला तो या पिशवीचा वाद वाटतो.

मुक्तीनंतर साठच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात पहिली अभयारण्यं झाली. मोले (आताचं भगवान महावीर) २४० चौरस किलोमीटर, काणकोणातलं खोतीगाव ८६ आणि उसगावजवळचं बोंडला जेमतेम ८. पुढे १९७८ मध्ये मोलेच्या गाभ्याचा १०७ चौरस किलोमीटर भाग राष्ट्रीय उद्यान झाला. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ चं, पण ते खारफुटीतलं. त्याची गोष्ट वेगळी.

नकाशावर मोले मध्ये आणि खोतीगाव खाली. दोन्हींच्या मधलं सांग्यातलं जंगल मोकळं, आणि मोलेच्या वरची सगळी सत्तरीही मोकळी. मोकळं म्हणजे रिकामं नव्हे. तिथं कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) होती, काजूच्या बागायती होत्या, डोंगरउतारावर कुमेरी (फिरती शेती) होती, गवळी धनगरांचे वाडे होते आणि लोहखनिजाचे लीजही होते. हे लीज मूळचे पोर्तुगीज काळातली कन्सेशन्स. १९८७ च्या कायद्याने ती रद्द होऊन त्यांचे लीज झाले. खाणवाल्याकडे असा कागद होता. सत्तरीतल्या राणे घराण्याच्या मोकाशातली (इनामातली) जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचा हक्क मात्र बहुतेक तोंडी.

१९९९ मध्ये सरकार कोसळलं आणि फेब्रुवारी ते जून राष्ट्रपती राजवट लागली. राज्यपाल होते लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब, १९७१ च्या ढाक्यातल्या शरणागतीच्या वाटाघाटी करणारे. म्हादई नदीच्या खोऱ्यातलं जंगल राखा म्हणून राजेंद्र केरकरांसारखे पर्यावरण कार्यकर्ते मागे लागले होतेच. राजवट उठता उठता दोन अधिसूचना निघाल्या: सत्तरीत म्हादई, २०८ चौरस किलोमीटर, आणि सांग्यात नेत्रावळी, २११. ३३४ चं संरक्षित क्षेत्र ७५३ वर गेलं, म्हणजे राज्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. वरपासून खालपर्यंत सह्याद्रीची पट्टी सलग झाली. लोकनियुक्त सरकार असतं तर खाणींच्या दबावापुढे हे झालं असतं, असं मला वाटत नाही. पण आमदार नसताना झालं म्हणूनच 'आम्हाला कुणी विचारलं?' हा सवालही तेव्हापासून जिवंत आहे.

खरी गोम पुढे आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम १८ खालची अधिसूचना म्हणजे सरकारचा इरादा. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्याने दावे मागवायचे, चौकशी करायची, कुणाचं काय आत राहतं नि काय विकत घ्यायचं ते ठरवायचं. शक्यतो दोन वर्षांत हे संपवावं असं कायदाच सांगतो. गोव्यात दोन दशकं उलटली तरी ते संपलं नव्हतं. निर्बंध मात्र पहिल्या दिवसापासून लागू. वनरक्षकाने कोयता अडवला तर दाखवायला हातात काय? तीच पिशवी.

दरम्यान वाघ येत-जात होते. सीमेपलीकडे कर्नाटकात काळी व्याघ्र प्रकल्प आणि भीमगड, वर दोडामार्गात तिळारी. वाघाला चेकनाका नसतो. सत्तरीत त्याचं नवल कधीच नव्हतं. वाघ्रो या वाघाच्या देवाला इथं नारळ फुटतो. तरी २००९ मध्ये केरीत वाघ मारला गेला. आणि जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या जंगलात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. गुरं मारल्याच्या रागातून मेलेल्या जनावरावर विष घातल्याच्या आरोपावरून धनगर कुटुंबातल्या लोकांना अटक झाली.

व्याघ्र प्रकल्पाची मागणी त्याआधीचीच. केंद्रात मंत्री असताना जयराम रमेश यांनी २०११ मध्ये गोव्याला तसं लिहिलं होतं, २०१६ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानेही शिफारस केली. अखेर २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हुकूम दिला: तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा आणि बारा महिन्यांत वननिवासींचे दावे निकाली काढा. लोक विस्थापित होतील म्हणत राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. चर्चा मात्र त्या हुकमाच्या पहिल्या अर्ध्याचीच झाली. दावे निकाली काढायला सरकारला १९९९ पासून कुणी अडवलं नव्हतं.