सिअर्सचे मालक आणि पाच हजार शाळा

ज्युलियस रोझेनवाल्ड यांचा जन्म १८६२ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. आईवडील जर्मनीहून आलेले ज्यू, घरचा धंदा कपड्यांचा. शाळा अर्धवट सोडून ते न्यूयॉर्कला मामांच्या हाताखाली धंदा शिकले. १८९५ मध्ये त्यांनी शिकागोच्या सिअर्स, रोबक कंपनीत भागीदारी घेतली. कॅटलॉग पाहून खेड्यातल्या शेतकऱ्याने मागणी नोंदवायची आणि माल घरपोच घ्यायचा, असा तो व्यापार. कंपनीचे संस्थापक रिचर्ड सिअर्स जाहिरातीत माल फुगवून सांगत. रोझेनवाल्ड यांनी मालाचं वर्णन खरं असण्यावर भर दिला आणि कारभाराला शिस्त लावली.

१९११ मध्ये त्यांची कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी भेट झाली. कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर यांच्यामुळे मराठी वाचकांना ओळखीची झालेली अलाबामातली टस्कीगी शिक्षणसंस्था ती याच वॉशिंग्टन यांची. पुढच्या वर्षी, पन्नासाव्या वाढदिवसाला, रोझेनवाल्ड यांनी टस्कीगीला २५ हजार डॉलर दिले. त्यातल्या थोड्या रकमेतून अलाबामात कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा शाळा बांधून पाहायचं ठरलं.

१९३२ पर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या १५ राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी ५,३०० हून अधिक इमारती उभ्या राहिल्या. बहुतेक शाळाच, बाकी शिक्षकांची घरं आणि कार्यशाळा. गावात वीज नसे, म्हणून आराखड्यातच पूर्व-पश्चिमेला उंच खिडक्यांच्या रांगा असत.

अट अशी होती: गावानेही वाटा उचलायचा. लोकांनी कोंबड्या विकल्या, जेवणावळी घातल्या, शाळेच्या नावाने कापसाच्या शेताचा तुकडा राखून ठेवला, बांधकामावर राबले. हिशेब पाहिला तर रोझेनवाल्ड यांच्याकडून सुमारे ४३ लाख डॉलर आले आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांकडून सुमारे ४७ लाख. शाळांसाठीचा कर हेच लोक आधी भरत होते, तो पैसा बराचसा गोऱ्यांच्या शाळांकडे जाई. म्हणजे एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा खिशात हात घातला. या शाळांना रोझेनवाल्ड यांचं नाव पडलं, पण त्या जितक्या त्यांच्या तितक्याच या गावकऱ्यांच्या, असं मला ठामपणे वाटतं.

मालमत्तेच्या व्यवसायातही त्यांनी हीच बाजू धरली. दक्षिणेतून शिकागोला आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना बरं घर कुणी भाड्याने देत नसे. १९२९ मध्ये त्यांनी मिशिगन बूलेव्हार्डवर, मधोमध बाग असलेली ४२१ घरांची वसाहत बांधली.

१९३२ मध्ये ते वारले. आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत, दानासाठी उभारलेल्या आपल्या निधीतला सगळा पैसा खर्चून टाकायचा, असं त्यांनी बजावलं होतं. १९४८ मध्येच तो संपला. तोवर त्याच निधीच्या शिष्यवृत्त्या कवी लँग्स्टन ह्यूज आणि गायिका मरियन अँडरसन यांच्यासारख्यांना मिळाल्या होत्या. नागरी हक्क चळवळीतले नेते आणि पुढे अमेरिकेत खासदार झालेले जॉन लुईस अशाच एका शाळेत शिकले.