पातळ प्लेट-शेलचं वाकणं (संख्यात्मक पद्धती)

ज्या वस्तूची जाडी तिच्या लांबी-रुंदीच्या मानाने फारच कमी असते, म्हणजे पत्रा, स्लॅब, विमानाचं बाहेरचं आवरण, घुमट वगैरे, ती भाराखाली किती आणि कशी वाकेल हे आकडेमोडीने काढायच्या पद्धती. सपाट असेल तर प्लेट, मुळातच वक्र असेल तर शेल. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर जातो, जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट, आणि पुढच्या बऱ्याच भानगडी या घनातूनच निघतात.

मूळ समीकरण कोणाचं यावर एकमत नाही. क्लाडनीने १७८७ मध्ये थरथरणाऱ्या प्लेटवर वाळूच्या आकृत्या दाखवल्या, त्यांचं गणित मांडायला पॅरिसच्या अकादमीने बक्षीस लावलं, सोफी जर्मेनने १८११ मध्ये निबंध दिला पण समीकरण चुकलेलं होतं, आणि परीक्षक लाग्रांजने तिच्याच गृहीतकावरून बरोबर रूप काढलं. बक्षीस शेवटी १८१६ मध्ये तिलाच मिळालं. काहीजण सगळं श्रेय लाग्रांजला देतात, पण गृहीतक तिचं होतं हे बघता 'जर्मेन-लाग्रांज समीकरण' हे जोडनाव जास्त पटतं. कडेवर किती अटी घालायच्या हा वाद त्यानंतरही चालू राहिला, प्वासाँ तीन म्हणत होता, किर्खोफने १८५० मध्ये दोनच पुरतात हे दाखवलं.

समीकरण चौथ्या क्रमाचं, म्हणजे त्यात वाकण्याचे चौथे अवकलज (डेरिव्हेटिव्ह) येतात. कडा नुसत्या टेकवलेल्या आयताचं उत्तर नाव्हिएने १८२० च्या सुमारास फूरिए मालिकेने (साइन लहरींच्या बेरजेने) काढलं, पण चारही कडा जखडल्या की तसं सुटसुटीत उत्तर मिळत नाही, म्हणून रिट्झने १९०९ च्या आसपास अंदाजी फलनांची बेरीज घेऊन ऊर्जा कमीत कमी करायची वाट धरली. फायनाइट डिफरन्समध्ये, म्हणजे प्लेटवर चौकडी आखून अवकलजांऐवजी शेजारच्या बिंदूंमधले फरक घेतात त्या पद्धतीत, प्रत्येक बिंदूसाठी तेरा बिंदू लागतात, मधल्याला गुणक २०, लगतच्या चारांना −८, तिरक्या चारांना २, दोन घरं पलीकडच्या चारांना १. कडेजवळ प्लेटच्या बाहेरचे काल्पनिक बिंदू धरावे लागतात, वाकडीतिकडी कड असेल तर हे फार किचकट होतं.

फायनाइट एलिमेंटचा (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून उत्तर जोडायच्या पद्धतीचा) उगम कुरांटच्या १९४३ च्या लेखात धरायचा की टर्नर-क्लफ मंडळींच्या १९५६ च्या, हे प्रत्येकजण आपापल्या शाखेप्रमाणे सांगतो, नाव मात्र क्लफने १९६० मध्ये दिलं. प्लेटला अडचण अशी की दोन एलिमेंटच्या सांध्यावर नुसतं वाकणं जुळून चालत नाही, उतारही जुळावा लागतो. तो नीट जुळवायला आर्गिरिसच्या त्रिकोणात २१ अज्ञातं लागतात. उलट मॉर्लीच्या त्रिकोणात सहाच, सांध्यावर पृष्ठभाग अखंडही राहत नाही, तरी मेश (तुकड्यांची जाळी) बारीक केली की उत्तर बरोबर येतं! १९६५ चा एक न जुळणारा त्रिकोण मात्र काही मेशवर चालायचा आणि काहींवर नाही, त्यावरून आयर्न्सची पॅच टेस्ट आली, म्हणजे थोड्या एलिमेंटच्या जोडणीवर एकसारख्या वक्रतेचं उत्तर अचूक येतं का हे बघणारी चाचणी. ती पुरेशी आहे का यावर गणितज्ञांचा आक्षेप आहे, १९८० च्या सुमारास स्टुमेलने पास होऊनही चुकणारी उदाहरणं दिली, इंजिनिअर लोक तरी आजही तीच लावतात आणि व्यवहारात ती बहुतेक वेळा निभावते.

राइसनर (१९४५) आणि मिंडलिन (१९५१) यांनी शिअर (जाडीतले थर एकमेकांवर सरकणं) वेगळा धरला, त्यामुळे उतार जुळवायची सक्ती गेली, पण जाडी कमी करत नेली की प्लेट उगाचच ताठ वाटायला लागते, याला शिअर लॉकिंग म्हणतात. १९७१ पासून एलिमेंटची ऊर्जा काढतानाचं इंटिग्रेशन मुद्दाम कमी बिंदूंवर करायची युक्ती आली, तिच्याने ताठपणा जातो पण कधीकधी ऊर्जाच न लागणारे खोटे आकार घुसतात. ड्वोर्किन-बाथेचा १९८४ चा चार नोडचा (कोपऱ्यांच्या बिंदूंचा) एलिमेंट त्यापेक्षा भरवशाचा.

बाबुश्काचा विरोधाभास इथे सांगायलाच हवा. टेकवलेल्या गोल प्लेटऐवजी बहुभुज घेतला आणि बाजू वाढवत नेल्या तरी शिअर न धरणाऱ्या किर्खोफ सिद्धांतात उत्तर गोलाच्या उत्तराकडे जात नाही, कारण सरळ बाजूवर कडेच्या वक्रतेचं पद गळून पडतं. प्वासाँ गुणोत्तर (ताणल्यावर वस्तू आडवी किती आकसते त्याचं प्रमाण) ०.३ असेल तर एकसारख्या भाराखाली मधलं वाकणं सुमारे २६ टक्के कमी येतं. कडा जखडलेल्या असतील तर असं होत नाही.

शेलचा सिद्धांत लव्हचा, १८८८ चा. तिथे वाकणं आणि ताणणं एकमेकांत गुंततं, त्यामुळे मेंब्रेन लॉकिंगही (ताणण्यातून येणारा तसाच खोटा ताठपणा) येतं. २००५ पासून ह्यूजेस वगैरेंच्या आयसोजिओमेट्रिक पद्धतीत स्प्लाइन (संगणकावर आकार काढायला वापरतात ती गुळगुळीत वक्रं) वापरतात, उतार एका पॅचच्या (स्प्लाइनच्या एका सलग तुकड्याच्या) आत आपोआप जुळतो, दोन पॅचच्या सांध्यावर तो परत वेगळा बांधावा लागतो.